गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर: धोका कसा ओळखायचा आणि हार्मोनच्या तपासण्या नेमक्या कधी उपयोगी पडतात

पाळी जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली आणि अचानक कपड्याला डाग दिसला, की बऱ्याच जणींच्या मनात पहिला विचार येतो तो ‘हार्मोनचं काहीतरी बिघडलं असेल’ हा. मग लॅबमध्ये हार्मोनचं पॅकेज केलं जातं, सगळे आकडे मर्यादेत येतात आणि बाई निर्धास्त होते. हा निर्धास्तपणा महागात पडू शकतो. रक्तातल्या कुठल्याही हार्मोनच्या आकड्यावरून गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आहे की नाही हे कळत नाही. ते कळतं अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच.

म्हणजे हार्मोनच्या तपासण्या बिनकामाच्या आहेत असं नाही. त्यांचं काम वेगळं आहे. अस्तर गरजेपेक्षा जास्त का वाढतंय, कोणाचा धोका पुढच्या काही वर्षांत चढत जाणार आहे आणि तो उतरवायला कुठे हात घालायचा, हे त्या सांगू शकतात. अट एवढीच, की योग्य बाईची, योग्य दिवशी, योग्य तपासणी झाली पाहिजे.

जगभरात २०२२ या एका वर्षात गर्भाशयाच्या कॅन्सरचे सुमारे ४ लाख २० हजार नवे रुग्ण नोंदले गेले. बहुतेक जणी पाळी गेलेल्या, साधारण साठीच्या आसपासच्या असतात. त्यातली दिलासा देणारी गोष्ट अशी, की हा आजार लवकर खूण दाखवतो. रोग गर्भाशयापुरता असतानाच सापडला तर पाच वर्षांनंतर ९० टक्क्यांहून जास्त जणी हयात असतात.

अस्तर वाढतं कसं

पाळीच्या पहिल्या टप्प्यात बीजांडकोशातून येणारं इस्ट्रोजेन अस्तर जाड करतं. बीज फुटलं की प्रोजेस्टेरॉन तयार व्हायला लागतं. ते अस्तराची वाढ थांबवतं, त्याला पक्व करतं. आणि प्रोजेस्टेरॉनची पातळी उतरली की अस्तर गळून पडतं, तीच पाळी. बीज फुटलंच नाही तर प्रोजेस्टेरॉन येत नाही, इस्ट्रोजेनचं काम मात्र चालूच राहतं. असं महिनोन्‌महिने चाललं की अस्तरातल्या ग्रंथी दाटीवाटीने वाढू लागतात. याला हायपरप्लेशिया म्हणतात. काही जणींमध्ये पुढे पेशींचं रूपच बदलतं आणि तिथून कॅन्सर फार लांब नसतो.

पाळी गेली म्हणजे इस्ट्रोजेन संपलं, ही समजूत अर्धीच खरी. बीजांडकोश थंडावतात, पण मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींमधून येणाऱ्या पुरुषी हार्मोनचं रूपांतर शरीरातली चरबी इस्ट्रोजेनमध्ये करत राहते. हे काम अॅरोमॅटेज नावाचं एन्झाइम करतं. चरबी जितकी जास्त तितकं हे रूपांतर जास्त, आणि त्याला अडवायला प्रोजेस्टेरॉन नाही. त्यात इन्सुलिन वाढलेलं असेल तर यकृत एसएचबीजी हे प्रथिन कमी बनवतं. रक्तातलं इस्ट्रोजेन बांधून ठेवणं हे त्या प्रथिनाचं काम. ते कमी झालं की मोकळं फिरणारं इस्ट्रोजेन वाढतं. वजन, मधुमेह आणि हा कॅन्सर यांची गाठ इथे बसते.

याचा धडधडीत पुरावा १९७५ साली मिळाला. पाळी गेल्यावर नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमध्ये हा कॅन्सर कितीतरी पटींनी जास्त आढळतो, हे दाखवणारे दोन अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात आले. तेव्हापासून गर्भाशय शाबूत असलेल्या बाईला इस्ट्रोजेन द्यायचं तर सोबत प्रोजेस्टेरॉन द्यायचंच, हा नियम झाला.

एक अपवाद आत्ताच सांगून ठेवते. सगळेच अस्तराचे कॅन्सर इस्ट्रोजेनवर पोसलेले नसतात. सिरस प्रकारचा कॅन्सर सडपातळ, वयस्क, पाळी नेहमी वेळेवर आलेल्या बाईलाही होतो, आणि तो जास्त आक्रमक असतो. त्यामुळे ‘माझ्यात धोक्याचं काहीच नाही’ म्हणून रक्तस्रावाकडे कानाडोळा करायचा नाही.

पहिली पायरी: रक्तस्राव होतोय का, हे ठरवा

इथेच दोन वाटा फुटतात. अंगावरून जे जातंय ते नेहमीसारखं नसेल तर हार्मोन तपासणीच्या नादी न लागता थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं.

पाळी सलग बारा महिने आली नसेल आणि त्यानंतर कितीही थोडं रक्त दिसलं, अगदी एकदाच आलेला तपकिरी डाग असला, गुलाबीसर पाणी असलं, तरी तपासणी हवीच. अस्तराचा कॅन्सर झालेल्या पाळी गेलेल्या बायकांपैकी सुमारे ९० टक्के जणींना रक्तस्राव हीच पहिली खूण असते. उलट बाजूने पाहिलं तर असा रक्तस्राव झालेल्या शंभर जणींमध्ये साधारण नऊ जणींनाच कॅन्सर निघतो. बाकीच्यांमध्ये अस्तर सुकणं, मांसल कोंब म्हणजे पॉलिप, औषधं अशी कारणं असतात. घाबरून जायचं कारण नाही, पण थांबून बघायचंही कारण नाही.

पाळी चालू असताना ओळखणं अवघड जातं, कारण चाळिशीनंतर पाळी मागेपुढे होणारच, असं सगळ्याच म्हणतात. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, आठवड्यापेक्षा जास्त दिवस पाळी चालणं, दोन-तीन महिने काहीच नाही आणि मग रक्ताच्या गाठींसह धो धो जाणं, या गोष्टी ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून द्यायच्या नाहीत. वय ४५ किंवा त्याहून जास्त असेल तर अशा रक्तस्रावात अस्तराची तुकडा तपासणी (बायोप्सी) पहिल्याच फेरीत केली जाते. ४५ च्या आतल्या बाईतही वजन खूप जास्त असेल, पीसीओएस (बीज नेमाने न फुटण्याचा हार्मोनचा विकार) असेल किंवा औषधं घेऊनही रक्तस्राव आटोक्यात येत नसेल, तर तीच तपासणी करावी लागते.

डॉक्टरकडे जाताना साधी नोंद सोबत ठेवा. रक्त कोणत्या तारखेला दिसलं, किती दिवस होतं, पॅड किती बदलावे लागले, गाठी पडल्या का, संबंधानंतर दिसलं का, त्या सुमारास कुठलं औषध सुरू किंवा बंद केलं होतं. ‘मधूनमधून जातं’ या उत्तरापेक्षा अशा नोंदीचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

आणि पॅप स्मिअर नॉर्मल आहे यावर विसंबू नका. ती तपासणी गर्भाशयाच्या मुखासाठी आहे, आतल्या अस्तरासाठी नाही.

दुसरी पायरी: स्वतःचा धोका मांडा

कागदावर दोन रकाने करा. एका बाजूला इस्ट्रोजेन वाढवणाऱ्या किंवा प्रोजेस्टेरॉनविना राहू देणाऱ्या गोष्टी, दुसऱ्या बाजूला आनुवंशिक गोष्टी.

पहिल्या रकान्यात सगळ्यात जड आहे ते वजन. बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० च्या वर गेला की धोका दुप्पट-तिप्पट होतो, आणि ४० च्या वर तो सुमारे सातपट होतो. इतर फार थोड्या कॅन्सरचं वजनाशी इतकं सरळ नातं आहे. त्यानंतर येतं पीसीओएस, ज्यात धोका साधारण तिप्पट असतो, कारण बीज फुटणंच अनियमित. मधुमेहात तो सुमारे दुप्पट. पाळी लवकर सुरू होणं, उशिरा जाणं, एकही बाळंतपण नसणं, यांचा परिणाम त्यामानाने कमी.

औषधांमध्ये दोन लक्षात ठेवायची. एक, प्रोजेस्टेरॉनशिवाय घेतलेलं इस्ट्रोजेन. दुसरं, स्तनाच्या कॅन्सरनंतर दिलं जाणारं टॅमॉक्सिफेन. ते स्तनात इस्ट्रोजेनला अडवतं, पण गर्भाशयाच्या अस्तरावर इस्ट्रोजेनसारखंच वागतं. पाळी गेलेल्या बायकांमध्ये त्याने हा धोका दोन-तीन पटींनी वाढतो. तरीही स्तनाच्या कॅन्सरपासून मिळणारं संरक्षण बहुतेक जणींसाठी मोठं असतं, म्हणून ते मनाने बंद करायचं नाही. रक्तस्राव झाला तर मात्र त्याच आठवड्यात कळवायचं. काही त्रास नसताना टॅमॉक्सिफेनवर असलेल्या बाईची वरचेवर सोनोग्राफी करण्याचा फायदा होत नाही. या औषधाने अस्तर तसंही जाड दिसतं आणि नसत्या बायोप्स्या मागे लागतात.

धोका कमी करणाऱ्या गोष्टीही याच रकान्यात लिहा. बाळंतपणं, अंगावर पाजणं आणि गर्भनिरोधक गोळ्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसलं, की एकत्रित गोळ्यांच्या दर पाच वर्षांच्या वापरामागे हा धोका सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो आणि गोळ्या थांबवल्यावरही हा फायदा ३० वर्षांहून अधिक काळ टिकतो. सिगारेट ओढणाऱ्यांमध्येही हा कॅन्सर थोडा कमी आढळतो. बाकी अवयवांचं जे होतं ते पाहता याचा कोणालाच उपयोग नाही.

दुसऱ्या रकान्यासाठी घरातल्यांशी बोलावं लागेल. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषात मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर घराण्यात चालत येतो. दोष कुठल्या जनुकात आहे त्यावर धोका ठरतो. एमएलएच१, एमएसएच२ किंवा एमएसएच६ मध्ये असेल तर आयुष्यभरातला धोका ४० टक्के किंवा त्याहूनही वर जाऊ शकतो, पीएमएस२ मध्ये तो बराच कमी असतो. आई, मावशी, आजी एवढ्यावर थांबू नका. वडिलांच्या बाजूनेही हा दोष येतो, आणि पुरुषांमध्ये तो आतड्याच्या कॅन्सरच्या रूपात दिसतो, त्यामुळे ‘आमच्याकडे बायकांना कोणाला काही नव्हतं’ हे उत्तर पुरेसं नाही. पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झालेलं जवळचं कोणी असेल तर जनुकीय समुपदेशकाला भेटा. अशा बाईला हार्मोन तपासणीपेक्षा जनुक तपासणीची गरज आहे. दोष निघाला तर तिशी-पस्तिशीपासून वर्षा-दोन वर्षांनी अस्तराची बायोप्सी आणि मुलं झाल्यावर चाळिशीच्या सुमारास गर्भाशय व बीजांडकोश काढण्याचा विचार, असा मार्ग असतो.

तिसरी पायरी: हार्मोन तपासणी, पण प्रश्न ठरवून

सर्वसाधारण धोक्याच्या, काही त्रास नसलेल्या बाईसाठी या कॅन्सरची कुठलीही चाळणी तपासणी (स्क्रीनिंग) शिफारशीत नाही, हार्मोनची तर नाहीच. मोठ्या अभ्यासांमध्ये पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनची पातळी जास्त असलेल्या गटात हा कॅन्सर जास्त दिसतो हे खरं. पण एकेका बाईकडे पाहिलं तर कॅन्सर झालेल्यांचे आणि न झालेल्यांचे आकडे इतके एकमेकांत मिसळलेले असतात, की अमुक आकड्याच्या वर धोका आणि खाली सुरक्षित, अशी रेघ मारता येत नाही. म्हणून पॅकेज घेण्याआधी विचारायचं: या तपासणीच्या उत्तराने माझ्या उपचारात काय बदलणार आहे? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर सुई टोचून घ्यायची गरज नाही.

*पाळी अनियमित आहे, बीज फुटतंय का?* हार्मोन तपासणीचा खरा उपयोग इथे. आधी गरोदरपणाची तपासणी, मग थायरॉइडसाठी टीएसएच आणि प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन. या दोन्हींच्या बिघाडाने बीज फुटणं थांबतं आणि दोन्ही औषधांनी सुधारतात. त्यापुढे टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी आणि सकाळी घेतलेलं १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. शेवटची तपासणी अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात दोष वगळण्यासाठी असते. सोबत साखरेची तपासणी हवीच. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजीचे आकडे खरे येत नाहीत. डॉक्टरच्या सल्ल्याने आणि दुसरं गर्भनिरोधन वापरून तीन महिने थांबावं लागतं.

प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीत सर्वात जास्त घोळ होतो. ‘एकविसाव्या दिवशी करा’ हा सल्ला फक्त २८ दिवसांच्या चक्राला लागू आहे. मोजायचं असतं ते पुढची पाळी येण्याच्या सात दिवस आधी. ३५ दिवसांचं चक्र असेल तर अठ्ठाविसावा दिवस. पाळीचा नेम नसेल तर अंदाजाने एकदा करून पुढची पाळी येईपर्यंत आठवड्याने परत करावी लागते. आकडा ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल तर त्या चक्रात बीज फुटलं असं मानतात. रिपोर्ट नॅनोमोलमध्ये असेल तर तो साधारण ९.५ होतो. एकक न बघता आकड्यांची तुलना केली की विनाकारण धडकी भरते किंवा विनाकारण समाधान होतं.

*पाळी जाण्याच्या मार्गावर आहे का?* वय ४५ च्या वर असेल तर यासाठी एफएसएच (बीजांडकोशाला चालना देणारं मेंदूतल्या ग्रंथीचं हार्मोन) करून घेऊ नका. त्या वयात हा आकडा एका महिन्यात ६० आणि पुढच्या महिन्यात ९ येऊ शकतो. बारा महिने पाळी नाही, हाच पाळी गेल्याचा पुरावा. ४५ च्या आत, आणि विशेषतः चाळिशीच्या आत पाळी थांबली असेल, तर एफएसएचला अर्थ आहे. शंका राहिली तर चार ते सहा आठवड्यांनी परत करून खात्री करतात. आणखी एक: एफएसएच जास्त आलं म्हणजे रक्तस्राव ‘पाळी जातानाचा’ आहे असं सिद्ध होत नाही. आकडा काहीही आला तरी अस्तर तपासायचं ते तपासायचंच.

*पाळी गेलेली, औषध कुठलंच नाही, तरी इस्ट्रोजेन जास्त का?* ही वेळ क्वचित येते, पण आली तर मोलाची. अस्तर जाड आहे, वजन फारसं नाही, हार्मोनची गोळी किंवा मलम नाही, अशा वेळी इस्ट्राडायॉल, म्हणजे इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार, मोजतात. पाळी गेल्यावर ते सहसा २० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत असतं. ते स्पष्टपणे वर आलं तर बीजांडकोशात इस्ट्रोजेन बनवणारी गाठ शोधावी लागते. ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ ही त्यातली मुख्य, आणि तिच्यासाठी इन्हिबिन बी व एएमएच या तपासण्यांचा उपयोग होतो. सोनोग्राफी करणाऱ्याला बीजांडकोश नीट पाहायला सांगायचं ते यासाठी.

*पाळी गेल्यावरच्या त्रासासाठी हार्मोन थेरपी चालू आहे, पातळी तपासू का?* बहुतेक वेळा नको. मात्रा त्रासाच्या प्रमाणात ठरते, रक्तातल्या आकड्यावर नाही. तपासायची गोष्ट प्रिस्क्रिप्शनवर आहे: गर्भाशय असेल तर प्रोजेस्टेरॉन आहे का, किती दिवस आहे. त्याबद्दल पुढे येईल.

आता खोट्या आकड्यांविषयी. केस-नखांसाठी घेतात त्या बायोटिनच्या मोठ्या डोसने अनेक हार्मोन तपासण्या फसतात. काही आकडे खोटे चढतात, काही खोटे उतरतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. रक्त देण्याआधी किती दिवस बंद ठेवायचं ते लॅबला विचारा. नेहमीच्या इम्युनोअॅसे पद्धतीने अगदी कमी पातळीचं इस्ट्राडायॉल नीट मोजता येत नाही. पाळी गेलेल्या बाईसाठी आकड्यावर निर्णय अवलंबून असेल तर मास स्पेक्ट्रोमेट्री या जास्त अचूक पद्धतीने करून घ्यावं. स्तनाच्या कॅन्सरसाठी एक्झेमेस्टेन किंवा फुलव्हेस्ट्रंट चालू असेल तर नेहमीच्या पद्धतीत इस्ट्राडायॉल खोटं जास्त दिसू शकतं. लाळेतून ‘हार्मोन बॅलन्स’ सांगणारे संच या कामासाठी विश्वासार्ह नाहीत. त्यांच्या आकड्यावरून कोणी प्रोजेस्टेरॉनचं मलम लावायला सांगितलं तर सावध व्हा. त्वचेवरच्या मलमातून अस्तराला भरवशाचं संरक्षण मिळत नाही. आणि सीए-१२५ ही रक्तातली कॅन्सरची खूण हार्मोनही नाही आणि या कॅन्सरची चाळणीही नाही.

एक काल्पनिक रिपोर्ट वाचून पाहू

३८ वर्षांची बाई. पाळी ४५ ते ७० दिवसांनी, आली की दहा दिवस. बॉडी मास इंडेक्स ३४. रिपोर्टमध्ये टीएसएच २.१, प्रोलॅक्टिन मर्यादेत, टेस्टोस्टेरॉन मर्यादेच्या किंचित वर, एसएचबीजी १८ नॅनोमोल प्रति लिटर, एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन ०.६, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) ६.१.

प्रोजेस्टेरॉनच्या ०.६ वरून काही ठरत नाही, कारण साठ दिवसांच्या चक्रात एकविसावा दिवस फार लवकरचा. पण इतक्या लांबणाऱ्या पाळीवरूनच बीज नेमाने फुटत नाही हे दिसतंय. त्यासाठी रक्त देण्याचीही गरज नव्हती. एसएचबीजी कमी आणि साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, म्हणजे इन्सुलिन चढलेलं आहे. टीएसएच आणि प्रोलॅक्टिन ठीक, म्हणजे सोपी कारणं वगळली गेली. चित्र पीसीओएसचं आहे.

आता खरा प्रश्न रिपोर्टच्या बाहेरचा: हे किती वर्षं चाललंय? पाच-सहा वर्षं असेल, तर तिच्या अस्तराने तो सगळा काळ जवळपास एकट्या इस्ट्रोजेनवर काढलाय. पाळी दहा-दहा दिवस चालते, वजन जास्त, म्हणून वय ३८ असलं तरी तुकडा तपासणीची चर्चा आत्ताच व्हायला हवी. आणि बायोप्सी ठीक आली तरी अस्तराला प्रोजेस्टेरॉन देत राहण्याची सोय करायला हवी.

चौथी पायरी: सोनोग्राफी आणि तुकडा तपासणी

योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात. पाळी गेल्यावर रक्तस्राव झालेल्या बाईत ती ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर कॅन्सरची शक्यता १ टक्क्याहून कमी. पण रक्तस्राव परत झाला तर जाडी कमी असली तरी बायोप्सी करावी लागते, कारण सिरस प्रकारात अस्तर पातळही असू शकतं. पाळी चालू असलेल्या बाईला हा ४ चा नियम लागू नाही. तिचं अस्तर पाळीनंतर पातळ आणि पाळीच्या तोंडावर १२-१४ मिलिमीटरही असतं. ‘अस्तर जाड आहे’ असं ऐकून धसका घेण्याआधी सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी झाली ते बघा.

बायोप्सी बहुतेक वेळा बाह्यरुग्ण विभागातच होते. साधारण ३ मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची लवचीक नळी गर्भाशयाच्या मुखातून आत सरकवतात, आतला दांडा मागे ओढला की नळीत निर्वात पोकळी तयार होते आणि नळी फिरवत पुढेमागे केली की अस्तराचे कण आत ओढले जातात. काम काही मिनिटांचं. नळी आत असते तो मिनिटभर पाळीच्या कळेपेक्षा जोरात कळ येते, काही जणींना घाम फुटतो, गरगरतं. चालत असेल तर तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्या. मुखाजवळ बधिर करायचं इंजेक्शन मिळेल का, हे विचारायला संकोच करू नका. ‘थोडंच दुखतं’ म्हणून गप्प बसवलं गेलं तर परत विचारा. पाळी चालू असेल तर आधी गरोदरपण नाही याची खात्री करतात. नंतर एक-दोन दिवस डाग जातो. ताप आला किंवा घाण वास येऊ लागला तर लगेच दाखवा.

नळी आंधळेपणाने फिरते, त्यामुळे एका कोपऱ्यातला पॉलिप किंवा छोटी गाठ तिच्यातून निसटू शकते. ‘नमुना अपुरा’ असा रिपोर्ट म्हणजे नॉर्मल रिपोर्ट नव्हे. अस्तर जाड असेल किंवा रक्तस्राव चालूच असेल तर पुढे हिस्टेरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आत पाहून नेमक्या जागेचा तुकडा घेणं.

पाचवी पायरी: तुकड्याचा रिपोर्ट समजून घ्या

माझ्या मते अस्तराचा तुकडा हीच हार्मोनची सगळ्यात प्रामाणिक तपासणी आहे. रक्तातला आकडा त्या सकाळपुरता असतो. अस्तराने गेल्या कित्येक आठवड्यांत जे सोसलं ते तुकड्यात दिसतं. ‘सिक्रेटरी’ लिहिलं असेल तर प्रोजेस्टेरॉन पोहोचलंय, बीज फुटलंय. ‘प्रोलिफरेटिव्ह’ म्हणजे इस्ट्रोजेनचा अंमल. पाळी चालू असताना, चक्राच्या पहिल्या टप्प्यात ते अगदी ठीक, पण साठीच्या बाईत तेच दिसलं तर इस्ट्रोजेन कुठून येतंय हे शोधायला हवं. ‘अॅट्रोफिक’ म्हणजे सुकलेलं, पाळी गेल्यावर अपेक्षित.

‘हायपरप्लेशिया विदाउट अटिपिया’ म्हणजे वाढ आहे, पण पेशींचं रूप शाबूत. यातून २० वर्षांत कॅन्सर होण्याचं प्रमाण ५ टक्क्यांहून कमी, आणि प्रोजेस्टेरॉनने बहुतेक जणींचं अस्तर पूर्ववत होतं. ‘अटिपिकल हायपरप्लेशिया’ किंवा ‘ईआयएन’ हे मात्र गंभीर. २० वर्षांत सुमारे २८ टक्के जणींना कॅन्सर होतो, आणि हे निदान घेऊन गर्भाशय काढलेल्या कित्येक जणींमध्ये कॅन्सर आधीच तिथे असल्याचं आढळतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होतं. म्हणून इथे साधारणपणे गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळतो. मूल हवं असेल तर तज्ज्ञांच्या कडक देखरेखीखाली प्रोजेस्टेरॉनचा मार्ग खुला असतो.

कॅन्सरच निघाला तर रिपोर्टमध्ये ‘ईआर’ आणि ‘पीआर’ दिसेल. ही रक्ताची नाही, गाठीच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक (रिसेप्टर) आहेत का याची तपासणी; हार्मोनचे उपचार लागू पडतील का, याचा अंदाज त्यावरून येतो. सोबत पी५३ आणि एमएमआर प्रथिनांची तपासणी झाली आहे का, हे आवर्जून विचारा. एमएमआरमध्ये दोष दिसला तर लिंच सिंड्रोमचा शोध सुरू होतो आणि त्याचा फायदा बहीण-भावंडांना, मुलांनाही होतो. २०१३ पासून या कॅन्सरची जनुकीय लक्षणांवरून चार गटांत विभागणी होते, आणि २०२३ च्या नव्या टप्पे-पद्धतीत हे गट धरले जातात.

सहावी पायरी: प्रोजेस्टेरॉनची सोय लावा

पीसीओएस असलेल्या बाईची पाळी तीन महिन्यांहून जास्त लांबू देऊ नये. पर्याय तीन: एकत्रित गर्भनिरोधक गोळ्या, दर एक ते तीन महिन्यांनी १० ते १४ दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, किंवा गर्भाशयात बसवायचं, लेव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन सोडणारं साधन. अर्धशिशी, रक्ताच्या गुठळ्या, रक्तदाब असेल तर एकत्रित गोळ्या चालतीलच असं नाही. हे डॉक्टरला सांगितल्याशिवाय त्या सुरू करू नका. वजन उतरवल्याने बीज फुटणं परत नेमाने होऊ शकतं, पण ते होईपर्यंत अस्तर उघडं ठेवायचं नाही. दोन्ही गोष्टी एकदमच सुरू करायच्या.

हार्मोन थेरपीवर असाल तर प्रिस्क्रिप्शन काढून बघा. आलटून-पालटून पद्धतीत प्रोजेस्टेरॉन दर महिन्याला किमान १२ दिवस हवं. सलग पद्धतीत रोज हवं. सलग पद्धतीच्या पहिल्या सहा महिन्यांत थोडं रक्त दिसू शकतं. त्यानंतरही जात राहिलं, किंवा थांबून परत सुरू झालं, तर तपासणी. ‘प्रोजेस्टेरॉनने पोट फुगतं’ म्हणून फक्त तेवढीच गोळी वगळणाऱ्या पुष्कळ असतात. तसं करण्यापेक्षा प्रकार किंवा मार्ग बदलून मागा. योनीत लावायच्या कमी मात्रेच्या इस्ट्रोजेनसाठी मात्र सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही.

अटिपिया नसलेल्या हायपरप्लेशियासाठी गर्भाशयातलं साधन गोळ्यांपेक्षा जास्त परिणामकारक ठरतं. उपचार निदान सहा महिने चालतो, आणि दर सहा महिन्यांनी बायोप्सी करून लागोपाठ दोन नमुने स्वच्छ येईपर्यंत पाठपुरावा असतो. साधन बसवल्यावर दोन-तीन महिन्यांत रक्तस्राव थांबतो, बरं वाटतं, आणि इथेच पुष्कळ जणी पुढची तारीख चुकवतात. रक्त थांबलं म्हणजे अस्तर बरं झालं असं नाही. साधनाच्या असरानेही रक्त थांबतं. त्यामुळे साधन बसवतानाच सहा महिन्यांनंतरच्या बायोप्सीची तारीख घेऊन ठेवा. दोन नमुने स्वच्छ आल्यावरही बॉडी मास इंडेक्स ३५ च्या वर असेल, किंवा गोळ्यांनी उपचार झाला असेल, तर दरवर्षी एकदा बायोप्सी लागते.